ताडोबाला स्वस्तात राहायचंय? आधी गेट ठरवा, मग खोली

मी चंद्रपूरची, त्यामुळे नात्यागोत्यातले, नवऱ्याच्या ऑफिसातले आणि त्यांच्याही ओळखीचे लोक ताडोबाला निघाले की मला फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला: "तिकडे स्वस्तात चांगली खोली कुठे मिळेल?" मी उलट विचारते, "गेट कोणतं मिळालं?" बहुतेकांनी तोवर गेटचा विचारच केलेला नसतो. काहींनी तर खोलीचे पैसेही भरून ठेवलेले असतात. लॉजच्या नावात 'ताडोबा' आहे, फोटोत वाघ आहे, दर परवडतो, झालं काम. मग सफारीचं परमिट मिळतं कोलाऱ्याचं आणि खोली असते मोहर्लीत.

मोहर्ली आणि कोलारा ही दोन्ही ताडोबाचीच गेटं. पण मधे जंगल आहे आणि त्यातून आरपार जाता येत नाही, बाहेरून वळसा घालावा लागतो. गाडीने दीड-दोन तास धरा, आणि तेही पहाटेच्या अंधारात. नकाशावर बोटभर अंतर दिसतं म्हणून फसू नका. मूळ राष्ट्रीय उद्यान 1955 सालचं, साधारण 116 चौरस किलोमीटरचं, पण आज आपण ज्याला ताडोबा म्हणतो तो ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प कोअर (आतलं राखीव जंगल) आणि बफर (त्याभोवतीचा, गावं असलेला जंगलपट्टा) मिळून 1,727 चौरस किलोमीटरचा आहे. 'ताडोबाजवळ' हा काही पत्ता होत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: तारीख, मग परमिट, मग खोली. प्रत्येक गेटातून एका वेळी ठरावीकच गाड्या आत सोडतात. शनिवार-रविवारच्या आणि एप्रिल-मेच्या जागा आधीच भरतात. खोल्यांचं तसं नाही. एक लॉज भरलं तर शेजारचं मिळतं. परमिट वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. मिळतेजुळते नाव घेऊन बसलेल्या खासगी वेबसाइट बऱ्याच आहेत, पत्ता नीट वाचा. खोलीवाला म्हणाला, "परमिटचं पण मीच बघून घेतो", तर हरकत नाही, पण तुमची नावं आणि ओळखपत्रांचे नंबर असलेलं परमिट हातात पडेपर्यंत खोलीची पूर्ण रक्कम देऊ नका. जाताना ज्या ओळखपत्राचा नंबर दिला तेच मूळ ओळखपत्र लागतं. लॉजवाल्याला त्याची झेरॉक्स लागते, ती घरूनच न्या. पहाटे मोहर्लीत झेरॉक्सचं दुकान शोधण्यात मजा नाही.

आणखी एक: मंगळवारी ताडोबा बंद. सोमवारी दुपारी पोचून "उद्या सकाळी जाऊ" म्हणणारे दर वर्षी भेटतात. कोअर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, बंद असतं. बफरची काही गेटं तेव्हाही चालू ठेवतात आणि त्या दिवसांत खोल्यांचे दरही उतरलेले असतात. वाघाचा हट्ट नसेल तर हिरवंगार जंगल बघायला तो काळ वाईट नाही.

कोणत्या बाजूला राहायचं

कोअरची गेटं सहा: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी. राहण्याच्या दृष्टीने मी यांचे तीन गट करते.

मोहर्लीची बाजू सगळ्यात गजबजलेली. चंद्रपूरहून तीसेक किलोमीटर. इरई धरणाच्या काठाला लागून पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, वनविकास महामंडळाचंही आहे, आणि गावात घरगुती खोल्यांपासून महागड्या रिसॉर्टपर्यंत सगळं. पहिल्यांदा येणाऱ्याला, रेल्वेने येणाऱ्याला आणि हात राखून खर्च करणाऱ्याला मी हीच बाजू सांगते. इथला खरा फायदा बफरचा आहे. आगरझरी, देवाडा, जुनोना ही बफरची गेटं याच बाजूची. मोहर्लीत एकच खोली घ्या, एक सफारी कोअरमध्ये करा, दुसरी आगरझरीत. कोअरचं मिळालं नाही तर नुसतं बफर करा. वाघाला कोअर-बफरची रेषा माहीत नसते, बफरमध्येही लोकांना वाघ छान दिसतात.

कोलारा आणि नवेगाव ही चिमूरकडची बाजू. नागपूरहून स्वतःच्या गाडीने येणाऱ्याला ही सोयीची, उमरेड-भिशी-चिमूर असा रस्ता, शंभर-सव्वाशे किलोमीटर. मदनापूर, अलिझंझा ही बफरची गेटंही इकडचीच. पण कोलाऱ्याकडे मोठ्या रिसॉर्टांचा भरणा आहे, मधल्या दरातलं कमी. स्वस्तात राहायचं तर कोलारा गावातली घरगुती सोय शोधा, नाहीतर चिमूरला लॉज घ्या. चिमूरला दवाखाना, बाजार, जेवण सगळं आहे. पहाटे मात्र तेवढं अंतर कापावं लागेल.

खुटवंडा या दोन बाजूंच्या मधलं. मोहर्लीत राहून तिथे जाता येतं, पण वेळ हिशेबात धरा. झरी आणि पांगडी ही कोळसा नावाच्या वनक्षेत्राकडची, शांत, गर्दी कमी. राहायच्या सोयीही तितक्याच कमी. ज्यांनी ताडोबा आधी पाहिलाय त्यांनी तिकडे जावं, आणि झरीसाठी चंद्रपुरातच राहावं.

चंद्रपूरचं लॉज स्वस्त पडतं का?

हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय ठरवू नका. समजा तुम्ही चौघे आहात, दोन खोल्या, एक रात्र, एक दुपारची सफारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एक. चंद्रपुरात खोली 1,000 ला मिळतेय, मोहर्लीत 2,000 ला. म्हणजे एका रात्रीत 2,000 रुपयांचा फरक. आता गाडी बघा. मोहर्लीत राहिलात तर स्टेशनवरून एकदा जाणं, एकदा येणं. चंद्रपुरात राहिलात तर दुपारची एक फेरी आणि पहाटेची दुसरी, वर सफारी संपेपर्यंत ड्रायव्हर गेटवर थांबणार त्याचे पैसे. वाचलेल्या 2,000 मधले बरेचसे तिथेच जातात. शिवाय सकाळी सहाच्या सुमाराला गेट उघडतं, त्याआधी तिथे हजर राहायचं, म्हणजे चंद्रपुरात चारला उठायचं. लहान मुलं असतील तर करून बघा एकदा.

स्वतःची गाडी असेल तर हिशेब उलटतो. मग चंद्रपूर फायद्याचं. इथे जेवणाचे पर्याय आहेत, औषधाची दुकानं रात्री उघडी असतात, आणि सफारीच्या मधल्या वेळेत गोंड राजांचा परकोट, महाकालीचं मंदिर बघून होतं. मोहर्लीला चंद्रपूरहून एसटी जाते, पण तिच्या भरवशावर पहाटेची सफारी धरता येत नाही. दुपारी पोचायला ती चालते आणि सगळ्यात स्वस्त पडते, हे खरं.

रेल्वेचं तिकीट काढताना चंद्रपूरबरोबर बल्लारशाही बघा. दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या बऱ्याच गाड्या बल्लारशाला थांबतात आणि ते इथून पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. पण म्हणून बल्लारशाला राहू नका, उगाच लांब पडतं.

चंद्रपुरातल्या लॉजबद्दल बाहेरच्यांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे इथल्या गर्दीच्या तारखा. 15 आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनाचा सोहळा असतो. बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 ला चंद्रपुरात दीक्षा दिली, त्याची आठवण म्हणून लोक लांबून येतात. शहरात तेव्हा खोली मिळणं कठीण, आणि नेमका तोच कोअर उघडल्यानंतरचा पहिला पंधरवडा. दुसरी गर्दी चैत्रात, महाकालीच्या यात्रेची. मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, भाविक येतात आणि स्टेशन व मंदिराजवळची साधी लॉज आधीच भरतात. चिमूरला माघात बालाजीची घोडा यात्रा असते, तेव्हा तिथली तीच गत. या तारखा बुकिंगच्या ॲपवर दिसत नाहीत, तिथे नुसतं 'खोली उपलब्ध नाही' येतं.

फोनवर काय विचारायचं

फोटो बघून खोली ठरवू नका, फोन करा. ॲपवर बुक करणार असलात तरी आधी फोन करा. आमच्याकडे माणूस फोनवर नाही म्हणत नाही, म्हणून प्रश्न असा विचारा की त्याला 'हो'च्या पुढे काहीतरी सांगावं लागेल.

"गेट जवळ आहे का?" असं विचारलंत तर उत्तर येणार, "जवळच आहे ना ताई, दहा मिनिट लागते." त्याऐवजी विचारा, "भाऊ, कोणत्या गेटपासून किती किलोमीटर?" मग तो आकडा बोलतो. पुढचा प्रश्न जिप्सीचा, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीचा: "जिप्सी खोलीवर घ्यायला येते का, का गेटवर पोचायचं?" गावातल्या गावात असेल तर जिप्सीवाला बहुधा येतो. लांब असेल तर वेगळे पैसे मागतो, ते आत्ताच बोलून घ्या. "गरम पाणी मिळेल का?" असंही विचारू नका. "पहाटे पाचला गरम पाणी कशाचं असतं, गीझर की सोलर?" असं विचारा. सोलर असेल आणि दिवसभर आभाळ असेल तर पहाटे थंडच पाणी. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत बसायच्या आधी ते अंगावर घेणं म्हणजे शिक्षा. घरगुती सोयीत कधीकधी चुलीवर पाणी तापवून बादलीने देतात. मला ते सगळ्यात भरवशाचं वाटतं, फक्त कितीला उठवायचं ते रात्री सांगून ठेवायचं.

दर विचारताना 'माणशी की खोलीचा', 'जेवण धरून की सोडून' आणि 'जीएसटी धरून का' हे तिन्ही विचारा. घरगुती ठिकाणी दर बहुधा जेवणासकट माणशी असतो. ऐकायला जास्त वाटतो, पण शेवटी तोच स्वस्त पडतो, कारण मोहर्ली-कोलाऱ्यात रात्री नऊनंतर बाहेर जेवायला जाण्यासारखं फार काही नाही, आणि रिसॉर्टमध्ये नुसतं जेवायला गेलात तर बिल बघून पोट भरतं. घरच्या जेवणात भात, वरण, वांग्याची भाजी, पातोडीचा रस्सा, कधी गावरान कोंबडी. तिखट कमी करा म्हणून आधीच सांगा. इथलं 'कमी तिखट' पुण्याच्या माणसाला पुरून उरतं.

शेवटी व्हॉट्सॲपवर खोलीचा, संडास-बाथरूमचा आणि बाहेरच्या आवाराचा आत्ताचा फोटो मागा. आवाराचा फोटो का, ते पुढे सांगते.

उन्हाळ्यात कूलर बघा, बाकी नंतर

वाघ बघायचा मोसम म्हणजे मार्च ते मे. पाणवठे आटतात, जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात. आणि त्याच महिन्यांत चंद्रपूर देशातल्या सगळ्यात तापलेल्या शहरांच्या यादीत असतं. पारा 45 च्या वर जाणं ही मेमध्ये बातमीसुद्धा होत नाही. दोन सफाऱ्यांच्या मधले चार-पाच तास तुम्ही खोलीत काढणार, ते कसे जातील ते खोलीच्या थंडाव्यावर.

मुंबई-पुण्याचे लोक एसीच हवा म्हणतात आणि दर लगेच चढतो. एप्रिल-मेच्या आमच्या कोरड्या हवेत चांगला कूलर एसीला भारी पडतो, पण तो चांगला असला पाहिजे. बघायचं कसं? कूलर खिडकीत बाहेरून बसवलेला हवा. खोलीच्या आत कोपऱ्यात उभा केला असेल तर तो आतलीच हवा फिरवतो आणि तासाभरात अंग चिकट होतं. खिडकीतल्या कूलरसमोर दुसरी खिडकी किंवा झरोका हवा, म्हणजे हवा आत येऊन बाहेर पडते. मग कूलरची एक ताटी उघडायला सांगा आणि आतल्या गवताला हात लावा. पिवळसर, सुटं असेल तर या मोसमात बदललंय. काळं पडलेलं, पांढरे खार धरलेलं आणि शेवाळाचा वास येणारं असेल तर त्यातून फक्त वाऱ्याचा आवाज येईल. टाकीत नळाचं पाणी आपोआप येतं की पोरगा बादलीने भरतो, हेही विचारा. बादलीने भरत असेल तर रात्री दोनला टाकी कोरडी होते आणि गरम वारा तोंडावर येऊन जाग येते.

वीज जाते. इन्व्हर्टर आहे म्हणतील, पण त्यावर पंखा आणि दिवा चालतो, कूलर नाही. जनरेटर आहे का आणि तो रात्री लावतात का, हा वेगळा प्रश्न आहे. पत्र्याच्या छताची खोली उन्हाळ्यात कितीही स्वस्त असो, घेऊ नका. कौलारू किंवा स्लॅबची तळमजल्यावरची घ्या. दुमजली इमारतीत वरच्या खोलीचं छत दिवसभर तापतं आणि रात्रभर ती उष्णता त्या खोलीत सोडतं.

जून उजाडला की हे सगळं उलटं. हवेत दमटपणा आला की कूलर कामाचा नाही, तेव्हा एसी नाहीतर नुसता पंखा. ऑक्टोबरातही तेच. हिवाळ्यात विचारायचं ते पांघरुणाचं. जास्तीचं ब्लँकेट मागा आणि पहाटे जिप्सीत घेऊन जायची परवानगीही मागा. बहुतेक जण देतात. जलतरण तलावासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. मे महिन्यात दुपारी त्या पाण्यात अंडी उकडतील, आणि जानेवारीत कोणी उतरत नाही.

आवार आणि रात्र

स्वस्त सोयीत लोक खोली बघतात, आवार बघत नाहीत. ही गावं जंगलाच्या कडेची नाहीत, जंगलातच आहेत. वाघ-बिबट्याचा वावर चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगर-दुर्गापूर भागातसुद्धा असतो, तिथे माणसं गेली आहेत. मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायच्या दिवसांत, म्हणजे तुमच्या सफारीच्याच मोसमात, गावकऱ्यांवर हल्ले होतात. म्हणून संडास-बाथरूम खोलीला लागूनच हवं. आवाराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर मुलाबाळांसकट तिथे राहू नका, मग खोली फुकट का मिळेना. आवाराला भिंत किंवा जाळीचं कुंपण, फाटकाला कुलूप आणि रात्रभर जळणारा दिवा, हे तिन्ही बघा. तोच आवाराचा फोटो. रात्री जेवण झाल्यावर रस्त्याने शतपावली घालायची सवय घरी ठेवून या.

दाराच्या खालची फट बघा. पावसाळ्यात आणि उन्हाळ्याच्या शेवटी विंचू, साप निघतात. फट मोठी असेल तर चादर गुंडाळून लावा आणि सकाळी बूट झटकून घाला. मच्छरदाणी नसेल तर घरची न्या. स्वतःचं एक कुलूपही न्या. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही, म्हणजे फोन मागे ठेवावे लागतात, आणि स्वस्त लॉजच्या दाराचं कडीकोयंडं कधीकधी नुसतं शोभेचं असतं. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज करायला खोलीत चालू सॉकेट किती, तेही बघून ठेवा. बऱ्याच ठिकाणी एकच असतो आणि त्यात कूलर लावलेला असतो.

घरगुती की सरकारी

सरकारी निवासाचं चांगलं म्हणजे जागा. इरईच्या काठावर बसून संध्याकाळ जाते, आवार मोकळं, दर जाहीर असल्याने घासाघीस नाही. पण ते सगळ्यात स्वस्त नाही, सुट्ट्यांत लवकर भरतं, आणि सेवेत 'साहेब येणार आहेत' असं झालं की तुमचा चहा मागे पडतो. सहकुटुंब, पहिल्यांदा आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी तेच सुचवते.

बफरमधल्या गावांतल्या घरगुती सोयींना माझा कल जास्त. घरमालक किंवा त्याचा भाऊ बहुतेकदा गाईड नाहीतर जिप्सीचा ड्रायव्हर असतो. काल कोणत्या पाणवठ्यावर काय दिसलं ते रात्री जेवताना कळतं. पैसाही गावात राहतो, आणि ज्यांच्या शेतात रानडुकरं शिरतात, ज्यांची गुरं वाघ नेतो, त्यांना जंगलातून दोन पैसे मिळायलाच हवेत. मात्र 'होमस्टे' अशी पाटी लावून शहरातल्या कोणीतरी बांधलेल्या आणि नोकरावर सोडलेल्या इमारतीही आहेत. ओळखायचं सोपं: फोनवर विचारा, "तुम्ही स्वतः तिथेच राहता का? स्वयंपाक कोण करतं?" "आमच्या घरची करते" असं उत्तर आलं की घ्या.

मोठा गट असेल तर आणखी एक बघा. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, वर गाईड आणि ड्रायव्हर. गाडीचा खर्च सहा जणांत वाटला की माणशी खूप कमी होतो, खोलीत वाचवाल त्याच्यापेक्षा जास्त इथे वाचतं. म्हणून शक्यतो सहाच्या पटीत जा आणि तीन खोल्या घ्या. पाच जण असलात तर सहावा शोधा, पण परमिट काढायच्या आधी. नंतर त्यावरचं नाव बदलत नाही.

पैसे देताना अर्धे आधी, अर्धे पोचल्यावर. पावती व्हॉट्सॲपवर का होईना, घ्या. थोडी रोख जवळ ठेवा, कारण गावात नेटवर्क गेलं की यूपीआय अडतं. आणि खोली सोडायची वेळ आजच विचारून घ्या. सकाळची सफारी आटपून खोलीवर यायला साडेदहा-अकरा होतात आणि पुष्कळ ठिकाणी दहाला खोली सोडायचा नियम असतो. "सफारीहून येऊन आंघोळ, नाश्ता करून बाराला निघू, चालेल ना भाऊ?" असं बुकिंग करतानाच बोललात तर "होऊन जाते ना ताई" म्हणतो. त्याच दिवशी सांगितलंत तर अर्ध्या दिवसाचे पैसे लावतो.